देवळातला गवई आणि डाव्या पायाची चप्पल

मीनल, ये गं, अशी जवळ सरकून बस. मागच्या महिन्यात आलीस ती दारातच उभी राहिलीस. गळ्यात वॉकमनच्या वायरी, अर्धा डोळा घड्याळावर, आणि म्हणतेस, "काकू, दिवाळी अंकासाठी कॅसेटच्या सोनेरी दिवसांवर लिहा ना काहीतरी." पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायलीस. असं कुणी येतं का कुणाकडे? आणि सोनेरी म्हणे! कॅसेटची फीत तपकिरी असते, बाळा. तपकिरी, चिकट, आणि पावसाळ्यात तिला बुरशी धरते. सोनेरी काही नव्हतं. गंमत होती, आणि माझ्या हातून झालेली एक चूक होती. गंमत आणि चूक, दोन्ही एकाच गवयापायी झाली. तेच लिहिते. तुला हवं ते कापून टाक, पण आधी नीट वाच.

कळव्यात बाजाराच्या तोंडाशी आमचा गाळा होता. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं, एवढा ऐसपैस. बाहेर पाटी होती : 'कॅसेट भरून मिळतील.' तुझ्या वयाच्या वाचकांना हे पिठाच्या गिरणीसारखं वाटेल, म्हणून सांगते. माणसं गाण्यांची यादी लिहून आणायची. आमच्याकडच्या तबकड्यांवरून ती गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायची, याला 'भरणं' म्हणत. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. त्यात गाणी अशी बसवायची की शेवटचं गाणं मध्येच तुटू नये आणि शेवटी रिकामी फीतही उरू नये. डब्यात पोळ्या बसवतो तशी. शिवाय फितीच्या सुरुवातीला थोडी कोरी पट्टी असते, तिच्यावर काही उमटत नाही. नवशिके तिथूनच सुरू करत आणि गाण्याचा पहिला शब्द खाऊन टाकत. आमच्या समोरचा दुकानदार वर्षभर सगळ्या आरत्या दुसऱ्या शब्दापासून विकत होता. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पहिला शब्द लोक आपणच म्हणत असत.

कायद्याने बघितलं तर आम्ही सगळे चोर होतो. गाणाऱ्याला विचारायचं नाही, कंपनीला विचारायचं नाही, एकाचं गाणं उचलून दुसऱ्याच्या फितीवर. पण तिन्हीसांजेला देवासमोर दिवा लावणारे चोर. वर माझी एक खोड होती. चांगलं काही आलं की त्याची एक प्रत मी दुकानासाठी ठेवायची. चोरावर मोर मीच.

शिक्षण म्हणशील तर नववी. भावाने मस्कतहून कॅसेट भरायचा डेक पाठवला, त्याबरोबर इंग्रजी पुस्तक. पुस्तकातली चित्रं बघून मी शिकले, आणि चित्रात जे नव्हतं ते चुका करून शिकले. तबकडी धुवायला रिठ्याचं पाणी, डेकचं डोकं पुसायला कापूस आणि स्पिरिट, गुंतलेली फीत गुंडाळायला पेन्सिल. झालं माझं कॉलेज.

गिऱ्हाइकं तर काय विचारू नकोस. डोंबिवलीचा एक गृहस्थ बायकोच्या घोरण्याची कॅसेट घेऊन आला. तिच्या तीन प्रती हव्या होत्या, सासूला एक आणि दोन मेहुण्यांना. "पुरावा," म्हणाला. दुसऱ्या एकाला द्वंद्वगीतातली बाई काढून हवी होती. मी म्हटलं, "अहो, यंत्र आहे, चाळणी नाही." तो म्हणाला, "घरात एक आहेच हो, गाण्यात तरी नको."

तर एका दुपारी इझाबाई आली. मूळ नाव इझाबेल, पण ठाण्याच्या खाडीकाठच्या त्यांच्या जुन्या ख्रिस्ती आळीत सगळे इझाबाईच म्हणत. उंच, हाडापेराने मजबूत, डोक्यावर पत्र्याची पेटी. पेटी माझ्या टेबलावर दाणकन ठेवली.

"बाय, ह्या भरून देशील?"

आत एकवीस छोट्या तबकड्या होत्या. हिचा नवरा पावलू जहाजावर आचारी होता. इतर लोक परदेशातून अत्तरं आणि नायलॉनच्या साड्या आणायचे, याने बंदराबंदरातून एकाच अमेरिकन गवयाच्या तबकड्या आणल्या होत्या.

"त्यांनी पाठवलंय का?" मी विचारलं.

"तो काय पाठवेल? आठ महिने झाले, अंगावरून वारं गेलं. उजवा हात नाय, बोलनं नाय. नुसता बघत बसतो." मग पेटीच्या कडेला बोट घासत म्हणाली, "डागतर बोलला, आवडीचं गानं ऐकव. कवा कवा बोलनं येत नाय पन गानं येतं. गान्याच्या मागून मंग बोलनं येतं."

"कुठलं गाणं आवडायचं त्यांना?"

"ते मी कवा ऐकलं? घरी आला की पीठ मलताना एकच बोंब मारायचा. ह्यातलीच हाय कुठली तरी. मी बोलायची, गप बस रे. पंचवीस वरसं त्याला गप बस बोलले. आता बसलाय गप."

हे ती रडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती बाजारभाव सांगावा तशी बोलली. मी तिथल्या तिथे ठरवलं की ते एक गाणं शोधायचं आणि पावलूच्या कानात घालायचं, मग काय व्हायचं ते होवो.

"गाणारा आहे कोण हा?"

"देवळातला," इझाबाई म्हणाली. "पयला देवळातच गायचा. मंग बाहेरची गानी गायला लागला तवा देवळातले रागावले."

आता गंमत ऐक. तबकडीवर इंग्रजीत 'सोल' असं छापलेलं. मला चपलेचा सोल तेवढा ठाऊक. शब्दकोश उघडला तर स्पेलिंग वेगळं निघालं, आणि अर्थ लिहिलेला : आत्मा. एक तर आत्मा, त्यात देवळात गाणारा! मी दुकानासाठी ठेवलेली प्रत सरळ 'भक्तिगीते' या फळीवर लावली, अभंग आणि देवीच्या आरत्यांच्या मध्ये. वर मराठीत चिठ्ठी चिकटवली : 'देवळातला'. इझाबाईच्या लोकांत चर्चला देऊळच म्हणतात, हे मला कळायला चार महिने लागले. त्याचं खरं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. पावलू बोलत नव्हता, इझाबाई आणि मी दोघी ते दोन प्रकारे उच्चारायचो, दोन्ही चूक. छापून तिसरी चूक कशाला?

त्या फळीवरून ती कॅसेट टेंभी नाक्याच्या वत्सलामावशी घेऊन गेल्या. त्यांचं भजनी मंडळ नवरात्रात बसायचं. मावशींना दिसायचं कमी आणि त्या हात घालतील ती कॅसेट उचलायच्या. आठवड्याने परत आल्या.

"सुमन, हा कुठला गं बुवा?"

"अमेरिकेचा."

"तरीच शब्द गिळतो. पण मागे टाळी धरणाऱ्या बायका आहेत ना, त्या आपल्यातल्याच. काय धरतात गं! आमच्या मंडळातल्या निम्म्या बायका हळदीकुंकवाला आल्यासारखी टाळी वाजवतात. त्यांना आता मी ही लावून शिकवते."

पुढे त्यांच्या इंग्रजी शिकलेल्या सुनेने घोटाळा उघड केला. "आई, हे देवाचं नाहीये हो. तो म्हणतोय, बये, दार उघडं ठेवलंय, परत ये."

मावशींनी मला येऊन सांगितलं आणि वर म्हणाल्या, "मग? देवीला आपण वेगळं काय म्हणतो?" कॅसेट काही परत दिली नाही. त्या वर्षीच्या नवरात्रात टेंभी नाक्याच्या एका दिवाणखान्यात आरतीच्या टाळ्या जरा वेगळ्या पडल्या असतील, तर त्याला कारण मी.

आता चूक सांगते. त्या परदेशी तबकड्यांचं मधलं भोक मोठं असतं, पाणीपुरीच्या पुरीएवढं. आपल्या यंत्राची मधली खुंटी मात्र काडीएवढी. तबकडी बसवायची तर भोकात भरायला मधली चकती लागते. ती ठाण्यात मिळेना. मी काय केलं, माझ्या डाव्या पायातली निळी हवाई चप्पल घेतली, अंगठा तुटलाच होता, तिच्या सोलातून ब्लेडने गोल कापला आणि खिळा तापवून मधोमध भोक पाडलं. मधोमध म्हणजे डोळ्याच्या अंदाजाने. पोळी लाटताना माझा अंदाज कधी चुकला नाही, तर इथे कशाला चुकेल, असं मी धरून चालले. तबकडी घट्ट बसली. मला इतका आनंद झाला की आमच्या यांना दुकानात बोलावून दाखवलं. ते बँकेतून दमून आलेले. म्हणाले, "छान. आता उजवी काय करणार?"

एकवीस तबकड्या म्हणजे बेचाळीस गाणी. साठच्या दोन कॅसेटी भरल्या. इझाबाईने चर्चच्या गायकांचा टेपरेकॉर्डर मागून आणला होता. पुढच्या गुरुवारी ती आली, कॅसेट टेबलावर ठेवली. "फेकली."

"कुणी?"

"त्यानं. डाव्या हातानं उचलली आन फेकली. मंग असं बोट फिरवलं." तिने हवेत गोल काढून दाखवलं.

आम्ही दोघी त्या बोटाचा अर्थ लावत बसलो. इझाबाईला वाटलं त्याला चक्कर येते. मला वाटलं, उलटी बाजू लाव म्हणतो. बाजू उलटली, फेकली. मला वाटलं आवाज बोचत असेल, मी बारीक सूर कमी करून पुन्हा भरली. फेकली. गाण्यांचा क्रम चुकला असेल म्हणून जुनी आधी, नवी नंतर असं लावून तिसऱ्यांदा भरली. तीही फेकली, आणि या वेळी बोट फिरवता फिरवता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता नको बाय," इझाबाई म्हणाली, "तो मानूस खचतो." आळीतले लोक म्हणू लागले की पावलूचं डोकंही गेलं.

तीनदा भरल्यामुळे माझा मात्र फायदा झाला. तो गवई मला कळायला लागला. इंग्रजीतलं 'ये' आणि 'जा' सोडून फार काही मला समजत नव्हतं, पण रोज पोळ्या लाटताना ऐकलेलं माणूस ओळखीचं होतं. सुरुवातीच्या तबकड्यांत तो एकटा नसायचा, मागे बायकांचा घोळका, टाळ्या, आणि तो त्यांच्या पुढे धावायचा. मग मधल्या तबकड्यांत तो नाचायला लागतो. तेच सूर, तीच टाळी, फक्त देवाच्या जागी एक बाई. कळतंही नाही कुठे बदललं. आणि शेवटच्या चारपाच तबकड्यांत घोळका गेलेला, तो एकटा, ओळ सुरू करायच्या आधी श्वास घेतो आणि तो श्वास ऐकू येतो. आपल्याकडे तो श्वास पुसून टाकतात. याने ठेवलाय. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत होती, ती म्हणजे त्याचा आवाज हलायचा. पाळण्यात बसून गातो आहे असा. वर, खाली, वर, खाली. मला वाटलं, आहे त्याची लकब.

इथे टिपणीससर आले. डोंबिवलीला राहायचे, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, रेशमी झब्बा, आणि त्यांचं एक श्रवणमंडळ. श्रवणमंडळ म्हणजे वीस माणसं गाणं ऐकणार आणि एकजण त्यावर बोलणार, बोलणारे सर. माझ्याकडे ते जुनी नाट्यपदं भरायला यायचे. एकदा मागे 'देवळातला' चालू होता. सर उभ्याउभ्याच थिजले.

"वहिनी! हे तुमच्याकडे?"

"भक्तिगीत आहे," मी म्हटलं.

ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी मला सांगितलं. हा साधासुधा गाणारा नव्हे, 'सोल' नावाच्या गाण्याच्या प्रकाराचा आद्य पुरुष. चर्चमधलं गाणं उचलून याने बाजारात आणलं आणि त्यातून एक नवी जातच जन्माला आली. अर्धं जग याची नक्कल करतं. माझी मान ताठ झाली बघ. आद्य पुरुष, आणि कळव्याच्या गाळ्यात! मग सरांनी डोळे मिटले. "आणि हा कंप ऐकताय? हा कंप? हा एका माणसाचा नाही, वहिनी. हा गुलामगिरीच्या शतकांचा थरकाप आहे."

मी म्हटलं, "हो ना." काय म्हणणार?

त्यांनी कॅसेट नेली, महिनाभर ऐकली, आणि कार्यक्रम ठरवला. ठाण्यात एका शाळेच्या सभागृहात, रविवारी सकाळी दहाला. स्मरणिका छापली. तिच्यात सरांचा अकरा पानी लेख, 'कंपाचे सौंदर्य'. तबकड्यांचा संग्राहक म्हणून पावलूचा सत्कार करायचं ठरलं. इझाबाई म्हणाली, "त्याला कशाला नेता? पुन्ना फेकाफेकी करेल." सर म्हणाले, "संगीताने मन शांत होतं, बाई." शेवटी पावलूला रिक्षातून आणला. दोघांनी खांद्याला धरून पहिल्या रांगेत बसवला. पांढरा सदरा, केस पाण्याने चापून बसवलेले. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वर्षभर गप्प बसलेला माणूस थकलेला दिसेल असं मला वाटलं होतं. हा चिडलेला दिसत होता.

सत्कार झाला. शाल, नारळ, आणि ते ठेवायला स्टीलचं ताट. ताट त्याच्या मांडीवर ठेवून सर बोलायला उभे राहिले. चाळीस मिनिटं बोलले. गुलामगिरी, कापसाची शेतं, आत्मा, परमात्मा. मागच्या रांगेत एक आजोबा झोपले. मग सर म्हणाले, "आता तो थरकाप प्रत्यक्ष अनुभवू या," आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी डेकचं बटण दाबलं.

आवाज सुरू झाला. वर, खाली, वर, खाली. सभागृहातली डोकीसुद्धा त्याबरोबर डोलायला लागली, इतकं सरांनी पढवलं होतं.

आणि पावलूने नारळ खाली ढकलला. शाल गेली. डाव्या हाताने ताट उचललं, उभं धरलं, आणि गुडघ्याला टेकवून त्याच्या मागे बोट लावलं. मधोमध नाही, जरा कडेला. मग हनुवटीने धक्का देऊन ताट फिरवलं. ताट थडाथड हललं. एक बाजू वर, एक बाजू खाली. त्याने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा फिरवलं. वर, खाली. गाण्याच्या बरोब्बर तालात.

सर माइकवर म्हणाले, "भावविवश झाले आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई डोळे पुसत होत्या.

मला मात्र डेकपाशी उभ्याउभ्या घाम फुटला. मधोमध नाही! भोक मधोमध नाही. तबकडी फिरताना लंगडत होती आणि तिच्याबरोबर गवई. त्याचा आवाज कधी हलतच नव्हता. शतकांचा थरकाप माझ्या डाव्या पायातून आला होता. ते बोट, ते गोल गोल बोट, तो माणूस वर्षभर मुका आणि त्यातले चार महिने ओरडून सांगत होता, आणि एवढ्या कानांमध्ये ऐकू येणारे कान त्याच्या एकट्याचे होते.

तेव्हाच बटण बंद करून मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. प्रत्येकाच्या हातात स्मरणिका होती, सरांचा चेहरा फुललेला होता, आणि कळव्यातली कॅसेटवाली बाई चपलेने तबकड्या भरते हे अख्ख्या ठाण्याला कळलं असतं तर माझ्या गाळ्याकडे कुणी फिरकलं नसतं. कार्यक्रम पूर्ण झाला. दोघांनी पावलूला उचलून बाहेर नेलं, वेडा म्हणून. मी बघत होते. मीनल, हे वाक्य लिहायला मला दहा वर्षं लागली, हे कापू नकोस.

जिन्यात पावलूला घटकाभर पायरीवर टेकवलं होतं, तिथे मात्र मी इझाबाईला गाठलं आणि सगळं सांगितलं. चप्पल, खिळा, भोक. मला वाटलं आता ही मला जिन्यावरून खाली ढकलणार.

"म्हंजे यो येडा नाय?" ती म्हणाली.

"नाही गं. येडे आम्ही."

ती तिथेच पायरीवर बसली आणि पावलूच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. पाण्याने बसवलेले केस सगळे विस्कटले तरी फिरवतच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी एका लेथवाल्याकडे गेले. वागळे इस्टेटला त्याचा छोटा कारखाना होता, कसल्याशा पंपाचे भाग करायचा. मी चपलेची चकती दाखवली. तो बराच वेळ ती उलटसुलट करत राहिला. "मावशी, हे काय यंत्र आहे?" मी म्हटलं, "आत्मा फिरवायचं." त्याने नायलॉनच्या सळीतून चकती काढून दिली, मधलं भोक केसाइतकंही इकडेतिकडे नाही. मी एकवीस तबकड्या पुन्हा रिठ्याने धुतल्या आणि चौथ्यांदा भरल्या. आणि ऐकत बसले. काय सांगू तुला! हा दुसराच माणूस होता. आवाज सरळ, खांबासारखा. जिथे तो मुद्दाम हलवायचा तिथेच हलायचा, ओळीच्या शेवटी, एकदाच. चार महिने मी त्याला सगळीकडे हलवून ती एक जागा पुसून टाकली होती.

सरांना जाऊन सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पण वहिनी, अर्थ तर तोच राहतो ना?" पुढच्या वर्षी त्यांनी त्याच गवयावर पुन्हा कार्यक्रम केला. नवी स्मरणिका, नवा लेख : 'निष्कंप स्वराची साधना'. हा पंधरा पानी होता. चपलेचा उल्लेख नव्हता. असे लोक, मीनल, कधी बेकार होत नाहीत.

कॅसेट घेऊन या वेळी मी स्वतः गेले. दुपारची वेळ. पावलू खिडकीशी खुर्चीत, इझाबाई ओट्याशी बोंबील साफ करत होती. मी कॅसेट लावली. पावलूचा डावा हात उचलला गेला. मी डोळे मिटून घेतले. फेकणार.

फेकली नाही. हात तसाच हवेत राहिला आणि हळूहळू मांडीवर आला. एक गाणं झालं, दुसरं झालं. बाजू संपली, मी उलटली. तो माझ्याकडे बघत नव्हता, ऐकत होता. उलट्या बाजूचं तिसरं गाणं सुरू झालं, आणि त्याचा डावा हात मांडीवर दाबायला लागला. मूठ मिटायची, पुढे ढकलायची, दुमडून मागे आणायची.

"बाय," इझाबाई कुजबुजली, "पीठ मलतो."

मग ती ओरडलीच, "यीच! यीच ती बोंब!"

पावलूचं तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग प्रत्येक ओळीचा शेवटचा तुकडा, गवयाच्या मागून, एक पाऊल उशिरा. दुसऱ्या कडव्याला दोन तुकडे. तिसऱ्याला अख्खी ओळ, इंग्रजी, भसाडी, पण सुरात. इझाबाई बोंबलाचे हात तसेच पुढे धरून त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "गा रे. गा. मी कवा गप बस बोलली का?"

गाणं संपलं. आम्ही दोघी वाट बघत राहिलो की आता हा बोलेल. तो बोलला नाही. बोलणं त्याला कधीच परत आलं नाही, तेही सांगते, नाहीतर वाचणारे चमत्कार म्हणून मोकळे होतील. पण फीत कोरी फिरत होती, सूं असा आवाज येत होता, आणि त्या आवाजात पावलूने तीच चाल पुन्हा धरली. इंग्रजीत नाही. सावकाश, एकेक शब्द चाचपत, त्या आद्य पुरुषाच्या चालीत तो गायला :

"इझा, कालच्या कालवनात मीठ नव्हतं."

पुढे एकदोन दिवसांनी कळलं की चालीत घातलं की त्याला काहीही म्हणता येतं. चहा, पाणी, खिडकी लाव, शेजारच्या बाईला हाकल. सगळं त्याच एका गाण्यात. इझाबाईनेही मग चालीत उत्तरं द्यायला सुरुवात केली. आळीतून जाताना वाटायचं आत चर्चची तालीम चालली आहे, आणि कान दिला तर कांद्याच्या भावावरून भांडण. मला विचारशील तर सरांनी त्यावर लेख लिहायला हवा होता.

आता गाळा नाही. लोक सीडी विकत घेतात, भरायला कुणी येत नाही, आणि खरं सांगायचं तर कान सुटले माझे, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आवडीचं ऐकून. पण गुरुवारी दुपारी मी अजून त्या आळीत जाते. पावलू पंच्याहत्तरीला आलाय. सकाळी उठला की चाल विसरलेली असते, कॅसेट लावली की धरतो आणि मग दिवसभर पुरते. ती कॅसेट मी आजवर सहा वेळा नव्याने भरून दिली आहे. अलीकडे चाल धरायला त्याला वेळ लागतो. एकदा लावून भागत नाही, कधी तीनदा लावावी लागते. मागच्या गुरुवारी पाचदा लावली. इझाबाई नुसती बाजू उलटत राहिली.

म्हणून म्हणते, तू ये. असं उभ्याउभ्या नाही, चांगली दुपारभर ये. मी तुला घेऊन जाईन. समोर नवं माणूस बसलं की तो अजून एक कडवं जास्तीचं म्हणतो, आपण होऊन. माझ्यासाठी म्हणत नाही, मी जुनी झाले. तुझ्यासाठी म्हणेल. या गुरुवारी जमतंय का बघ. पुढच्यावर टाकू नकोस.